स्टेन्ड ग्लाससाठी करवत निवडताना

स्टेन्ड ग्लास म्हणजे रंगीत काचेचे तुकडे जोडून केलेलं काम. त्यासाठी करवत घेण्याआधी आम्ही जुने आराखडे काढले आणि हाताने न निघणारे तुकडे लाल पेनने वेगळे केले. नवीन यंत्र घ्यायचा मोह सगळ्यांनाच होतो, पण यादी समोर असली की मोहाला माप लागतं. लाल खुणांचे तुकडे मोजक्या प्रकारांचे निघाले: यू आकाराची खोल खाच असलेले, आतल्या बाजूला काटकोन असलेले, पाच-सहा मिलिमीटर रुंदीच्या नागमोडी पट्ट्या, आणि काही जाड किंवा खूप उठावदार पोताच्या काचा, ज्यांत चरा नीट धावतच नाही.

हाताच्या कटरची मर्यादा काचेच्या स्वभावातूनच येते. कटरच्या छोट्या चाकाने वरच्या पृष्ठभागावर चरा पडतो आणि पक्कडीचा दाब दिला की त्या चऱ्यातून तडा धावत पलीकडच्या कडेला जातो. सरळ रेषेत किंवा सौम्य वळणावर तो चऱ्याचं ऐकतो. आतलं वळण खोल झालं की तड्याला जवळची कड सोपी वाटते आणि तो वळण सोडून तिकडे पळतो. काटकोनात तर त्याने एकदम दिशा बदलायची असते, ते तो करत नाही.

तरीही यादीतले बरेच तुकडे करवतीशिवाय सुटले. खोल वळणासाठी एकाच चऱ्यावर भिस्त ठेवायची नाही. कडेपासून आत एकामागून एक उथळ कमानी चरायच्या, प्रत्येक चंद्रकोर वेगळी मोडायची आणि शेवटचे दोन-तीन मिलिमीटर ग्राइंडरवर, म्हणजे काचेची कड घासणाऱ्या छोट्या यंत्रावर, काढायचे. ग्राइंडरला १९ किंवा २५ मिलिमीटरच्या बिटबरोबर (बिट म्हणजे घासणारं फिरतं टोक) ६ मिलिमीटरचं बारीक बिट असेल तर अरुंद खाचही निघते. वेळ लागतो एवढंच. ज्याच्याकडे चांगला ग्राइंडर नाही त्याने करवतीचा विचार लांबणीवर टाकावा. करवतीनंतरही ग्राइंडर लागतोच, उलट मात्र होत नाही.

उरलेल्या तुकड्यांपैकी काहींचा आराखडाच बदलणं शहाणपणाचं होतं. करवतीने जवळजवळ कुठलाही आकार कापता येतो, पण कापलेला तुकडा टिकेलच असं नाही. आतल्या टोकदार कोपऱ्यात ताण एकवटतो. तुकड्यांच्या कडेला तांब्याची पातळ पट्टी गुंडाळून ते कथलाने जोडतात, त्याला डागणं म्हणतात. डागताना ही पट्टी आणि तिच्यालगतची काच झपाट्याने तापते, मध्यभाग गार राहतो आणि तडा नेमका त्या कोपऱ्यातून निघतो. म्हणून आतला कोपरा करवतीने कापला तरी तिथे किमान दीड-दोन मिलिमीटर त्रिज्येची गोलाई ठेवावी. इंग्रजी एल आकाराचा मोठा तुकडा असेल तर कोपऱ्यातून एक जोडरेषा काढून त्याचे दोन तुकडे करणं कधीही बरं. करवत हाती आली की लोक अशक्य आकार काढायला लागतात आणि पॅनल खिडकीत लावल्यावर तडे मोजत बसतात.

एवढं करूनही जे उरलं, त्याच्यासाठी करवत.

घरात किंवा ओळखीच्या कारखान्यात असलेली यंत्रं पहिल्यांदा डोळ्यांसमोर येतात, ती बाद का केली ते सांगायला हवं. टाइल कापायचं पाण्याचं यंत्र सरळ कापासाठी उत्तम. अखंड कडेचं, काचेसाठीचं बारीक हिऱ्याचं पातं लावलं तर जाड काचेच्या पट्ट्या छान निघतात. पण गोल पातं वळणावर जात नाही, त्यामुळे आमच्या यादीला त्याचा उपयोग शून्य. जिगसॉ आणि स्क्रोल सॉ वरखाली हलतात. वर येताना पातं काच उचलतं, खाली जाताना टेबलावर आपटतं. तीन मिलिमीटरची काच हे फार वेळ सोसत नाही. लाकडाच्या बँड सॉला हिऱ्याची पट्टी लावून वरून पाणी सोडायची युक्ती अधूनमधून ऐकू येते. त्या यंत्राची मोटर, स्विच आणि बेअरिंग पाण्यासाठी बनवलेली नसतात. हा प्रयोग करू नये. अँगल ग्राइंडर हातात धरून पातळ काच कापण्याबद्दल तर बोलायलाच नको.

मग खऱ्या अर्थाने तीन पर्याय उरतात: बँड सॉ, वायर सॉ आणि रिंग सॉ. तिन्हींचं तत्त्व एकच. पोलादावर हिऱ्याचा चुरा निकेलच्या मुलाम्यात बसवलेला असतो आणि तो काच कापण्याऐवजी घासून काढतो. पातं टेबलातून खाली जातं, त्यामुळे काच टेबलावर दाबलेली राहते. हे घासणं पाण्यातच व्हायला हवं. पाणी पात्याला गार ठेवतं, काचेचा चुरा वाहून नेतं आणि धूळ उडू देत नाही. पाणी कमी पडलं तर आधी आवाज बदलतो, मग कापाजवळ पांढरी पेस्ट साठते, मग काच तापून तडकते आणि हिरे मुलाम्यातून सुटतात. कोरडं घासलं तर नवं पातं काही मिनिटांत खराब होऊ शकतं.

निवड करताना मोटरच्या ताकदीचे आकडे बाजूला ठेवून आम्ही एक चाचणी-आकार ठरवला आणि तिन्ही प्रकारच्या यंत्रांवर तोच कापून पाहिला. १०० बाय ७५ मिलिमीटरचा, तीन मिलिमीटर जाड पारदर्शक काचेचा तुकडा. त्यात वीस मिलिमीटर रुंद आणि चाळीस मिलिमीटर खोल यू खाच, एका बाजूला आतला काटकोन, आणि दुसऱ्या कडेने सहा मिलिमीटर रुंदीची एस आकाराची पट्टी. हाच आकार पुन्हा लाटांच्या पोताच्या काचेत आणि पुन्हा ओपल, म्हणजे दुधी, काचेत. यंत्र बघायला जाताना असा तुकडा बरोबर न्यावा. विक्रेता दाखवतो ते हृदय किंवा फुलपाखरू कुठल्याही करवतीवर सुंदर निघतं.

बँड सॉचं पातं म्हणजे दोन-तीन चाकांवरून फिरणारी पातळ पट्टी. जाडी कमी, त्यामुळे काप अरुंद, साधारण एक ते दीड मिलिमीटर. लांब, सौम्य वळणं आणि जाड काच यांत तिचा हात कोणी धरत नाही. एस पट्टीची कड तिन्हींत सर्वांत स्वच्छ इथे निघाली. अडचण पट्टीच्या रुंदीची. पट्टी पुढून मागे तीन ते पाच मिलिमीटर असते आणि घट्ट वळणात तिची मागची कड कापाच्या भिंतीला घासते. तिथे जोर लावला की पट्टी पिळते, काप तिरका होतो आणि काच अडकते. यू खाचेच्या तळाशी नेमकं हेच होतं. मार्ग आहे: टाकाऊ भागात आधी सरळ चिरा घ्यायच्या आणि वळण तुकड्यातुकड्याने काढायचं. आत गेल्यावर बाहेर यायचं तर आलेल्या वाटेनेच सावकाश मागे यावं लागतं. घाईने ओढलं तर पट्टी चाकावरून उतरते. पट्टीला सांधा असतो आणि सतत वाकून-सरळ होऊन ती बहुतेक वेळा त्या सांध्यालाच तुटते. काही पट्ट्यांना फक्त पुढच्या कडेला हिरे असतात, काहींना बाजूंनाही. वळणं कापायची असतील तर दुसऱ्याच घ्याव्यात.

वायर सॉमध्ये पट्टीच्या जागी हिरे चढवलेली गोल तार असते. गोल असल्यामुळे ती पुढे, मागे, आडवी, कुठेही कापते. तुकडा न फिरवता नुसता सरकवला तरी चालतं. काटकोनात ती सर्वांत सरस ठरली. पण तारेचा काप हळू चालतो. पृष्ठभाग कमी म्हणजे हिरेही कमी, त्यामुळे तार लवकर बोथट होते. शिवाय दाब दिला की ती धनुष्यासारखी मागे वाकते, मग वरच्या आणि खालच्या बाजूचा काप एकाच रेषेत राहत नाही. कापलेल्या कडेला गुण्या लावून पाहिलं की हा फरक लगेच दिसतो. तारा तुटतात, आणि त्या तुटणार हे धरूनच चालावं लागतं. बारीक, गुंतागुंतीचे तुकडे निवांत कापणाऱ्याला ही करवत आवडेल. घाई असलेल्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

रिंग सॉचं पातं म्हणजे अखंड, ताठ पोलादी कडं. खोबणीच्या चाकांनी त्याला धरलेलं आणि फिरवलेलं असतं. कड्याच्या सगळ्या बाजूंना हिरे असतात, म्हणून तेही चारही दिशांना कापतं आणि खाचेतून मागे येताना अडकत नाही. ते वाकून-सरळ होत नाही, त्यामुळे सांध्याला थकून तुटण्याचा प्रश्न येत नाही. यू खाच एका दमात आणि बिनतक्रार निघाली ती इथेच. त्याची किंमत दोन जागी मोजावी लागते. काप रुंद, साधारण दीड ते दोन मिलिमीटर. आणि पाणी तिन्हींत जास्त उडतं. आडवा दाब प्रमाणाबाहेर गेला तर कडं खोबणीतून उडी मारतं, किंवा खोबणीची रबरी चाकं झिजतात आणि कापताना कडं डुलायला लागतं.

तिन्हींना एक मर्यादा सारखीच आहे: पातं आणि यंत्राचा मागचा भाग यांच्यामधलं अंतर. तेवढ्यापेक्षा मोठी काच मागे टेकते आणि काप तिथेच थांबतो. म्हणून मोठ्या काचेवर थेट करवत चालवायची नाही. आधी हाताच्या कटरने आकाराभोवती दहा-पंधरा मिलिमीटर सोडून चौकोन तोडायचा आणि तोच यंत्रावर न्यायचा. पूर्ण आतलं भोक तर कुठल्याच बंद पात्याने होत नाही. त्यासाठी हिऱ्याची पोकळ ड्रिल-बिट पाण्यात वापरावी, किंवा आराखड्यातच भोकापर्यंत कडेपासून जोडरेषा न्यावी.

कापाच्या रुंदीकडे लोक फार दुर्लक्ष करतात. शेजारचे दोन तुकडे वेगवेगळ्या काचेचे असतील तर रुंद कापाने बिघडत नाही, कारण पातं रेषेच्या टाकाऊ बाजूला चालवता येतं. पण एकाच काचेतून प्रवाही धार (काचेतल्या रंगाची वाहती रेघ) जुळवत शेजारचे तुकडे काढायचे असतील, तर त्या दोघांमधला दोन मिलिमीटरचा पट्टा कायमचा गेला. तांब्याच्या पट्टीच्या कामात पट्टी इतकी पातळ असते की ही फट डागण्याच्या कथलानेच भरावी लागते आणि रेषा जाड, ओबडधोबड दिसते. शिशाच्या, इंग्रजी एच आकाराच्या पट्ट्यांच्या कामात मात्र मधल्या दांड्याची जाडी दीड-पावणेदोन मिलिमीटर असते, ती हा काप जवळजवळ गिळून टाकते. म्हणजे तांब्याच्या पट्टीने धार जुळवून काम करणाऱ्याने बँड सॉकडे झुकावं; शिशात काम करणाऱ्याला रिंग सॉचा रुंद काप सोसतो.

आमचं काम मुख्यतः तांब्याच्या पट्टीचं, पण शेजारचे तुकडे बहुधा वेगळ्या रंगांचे, आणि लाल खुणांत सर्वाधिक वाटा खोल खाचांचा. त्यामुळे कौल रिंग सॉच्या बाजूने गेला. जाड काचेच्या विटा किंवा फ्यूज केलेल्या (भट्टीत वितळवून जोडलेल्या) जाड लाद्या कापायच्या असत्या तर तो बँड सॉला गेला असता.

प्रकार ठरला तरी निम्मंच ठरलेलं असतं. पुढचे प्रश्न पाणी, जागा आणि सुटे भाग यांचे. टाकी सहज निघून धुता येते का? पात्याला पाणी स्पंजने मिळतं की टाकीतून उचललं जातं? स्पंज असेल तर तो पात्याला टेकलेला राहतो ना, आणि बदलायला मिळतो ना? समोर पाणी अडवणारा पारदर्शक पडदा आहे का? यंत्र कड असलेल्या मोठ्या ताटात ठेवावं आणि खाली जाड टॉवेल घालावा; कंपनही कमी होतं. विजेची तार सॉकेटकडे जाण्याआधी खाली झोका घेऊन वर जावी, म्हणजे तारेवरून वाहणारं पाणी सॉकेटपर्यंत पोहोचत नाही. सॉकेटला गळती-प्रवाह तोडणारा स्विच हवाच. पायाने चालू-बंद करायचं पेडल असेल तर ओले हात स्विचला लावावे लागत नाहीत.

सुट्या भागांची चौकशी पैसे देण्याआधी करावी. पातं, स्पंज, रबरी चाकं किंवा खोबणीचे तुकडे, बेअरिंग, पट्टा: यातली प्रत्येक गोष्ट झिजते. काचेच्या गाळाचं पाणी बेअरिंगमध्ये शिरतं आणि तिथे घासकामाच्या पावडरीसारखं वागतं. भाग मिळत नसतील तर कितीही चांगलं यंत्र वर्षा-दोन वर्षांत फडताळाची शोभा होतं. वापरलेलं यंत्र घेत असाल तर झाकण उघडून चाक हाताने फिरवा. खरखर ऐकू आली किंवा चाक अक्षावर डुललं तर बेअरिंग गेलं. अक्षावर तांबूस गंज आणि तळाशी सिमेंटसारखा घट्ट बसलेला गाळ दिसला तर मालकाने टाकी कधी रिकामी केली नाही असं समजावं.

पात्यात निवड असते ती हिऱ्याच्या जाडीची. ती मेशच्या आकड्याने सांगतात; आकडा मोठा तितके हिरे बारीक. १०० मेशच्या आसपासचं पातं भराभर कापतं पण कडेचे टवके उडवतं. आकडा २०० च्या पुढे गेला की काप हळू आणि कड गुळगुळीत. पोताच्या आणि जाड काचेला जाडं, ओपल आणि आरशाला बारीक पातं बरं. नवीन पात्यावरचे काही हिरे इतरांपेक्षा उंच असतात, त्यामुळे सुरुवातीचे काप खरखरीत येतात. पहिली काही मिनिटं टाकाऊ काचेवर हलक्या हाताने घालवावी. जुनं पातं कापेनासं झालं तर टाकून देण्याआधी अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या धार काढायच्या कांडीत पाणी चालू ठेवून एक-दोन चिरा घ्याव्यात. हिऱ्यांवर बसलेला थर निघतो. त्यानंतरही दाब द्यावा लागत असेल तर हिरे संपले.

कापण्याआधी रेषा टिकवणं हे वेगळंच काम. साधी मार्करची शाई पाण्यात धुतली जाते आणि चिकटवलेला कागदी नमुना तर हमखास सुटतो. रंगाच्या मार्करने रेषा काढावी, पूर्ण वाळू द्यावी आणि वरून पेट्रोलियम जेली किंवा ओठांना लावायच्या मलमाचा पातळ थर फिरवावा. गडद काचेवर पांढरा किंवा चंदेरी मार्कर.

पातं खाली जात असल्यामुळे टवके खालच्या बाजूला उडतात. चांगली बाजू वर ठेवायची. आरसा कापताना पाठीमागचा लेप वर येतो, म्हणून नमुना उलटा काढावा लागतो. कापल्यावर आरसा लगेच धुवून वाळवावा आणि कडेला आरशासाठीचा सीलर लावावा, नाहीतर लेपात पाणी शिरून कडा काळ्या पडतात. पोताच्या काचेची गुळगुळीत बाजू टेबलावर टेकायला हवी. दोन्ही बाजू उठावाच्या असतील तर खाली साध्या काचेचा तुकडा दुहेरी टेपने चिकटवून दोन्ही एकत्र कापावेत. टफन केलेली (तापवून-गार करून कडक केलेली) काच कुठल्याही करवतीवर नेऊ नये. पहिल्याच स्पर्शात तिचा चुरा होतो.

काच सरकवताना दोन्ही हातांची बोटं पात्याच्या दोन बाजूंना, तुकडा टेबलाला दाबलेला, आणि पुढचा दाब इतकाच की पातं मागे वाकताना दिसू नये. रेषा सुटायला लागली की बहुतेकजण काच वळवून जोराने परत आणतात. त्याऐवजी थोडं मागे यावं आणि टाकाऊ बाजूने पुन्हा आत शिरावं. कापाचे शेवटचे पाच मिलिमीटर सर्वांत सावकाश: तिथे उरलेली काच आपल्याच वजनाने मोडते आणि कडेचा टवका घेऊन जाते. सुटणारा भाग बोटाने आधारून धरला की हे टळतं. चष्मा आणि कानाचं संरक्षण हवंच, बाह्या वर, केस बांधलेले. सुती हातमोजे फिरत्या भागाजवळ नकोत. या पात्याला दात नसतात, बोट लागलं तर खरचटतं. खरी जखम करते ती नुकत्याच कापलेल्या काचेची कड.

कापलेला तुकडा वाळू न देता लगेच पाण्याच्या भांड्यात टाकायचा. पोताच्या खाचांत वाळलेला गाळ नंतर ब्रशनेही निघत नाही, आणि कडेवर पांढरी भुकटी राहिली तर तांब्याची पट्टी चिकटत नाही, डागताना सुटून येते. धुऊन, कडेवरून ग्राइंडर एकदा हलका फिरवून, पुन्हा धुऊन, पूर्ण कोरडी करूनच पट्टी लावावी.

काचेतली सिलिका स्फटिकरूप नसते, त्यामुळे दगडाच्या धुळीइतका सिलिकोसिसचा, म्हणजे सिलिकाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराचा, धोका इथे नाही. तरी बारीक काच फुप्फुसाला चांगली नाहीच, आणि लाल, नारिंगी, पिवळ्या काचांत कॅडमियम आणि सेलेनियमची संयुगं असू शकतात. टेबल नेहमी ओल्या फडक्याने पुसावं. झाडू किंवा फुंकर नको. टाकीतलं पाणी प्रत्येक बैठकीनंतर बादलीत काढून रात्रभर ठेवावं. वरचं नितळ पाणी ओतून द्यावं आणि तळाचा गाळ वर्तमानपत्रावर सुकवून, गुंडाळून, पिशवी बांधून कचऱ्यात टाकावा. तो मोरीत गेला तर नळीत बसून दगड होतो. यंत्राचं झाकण मात्र रात्रभर उघडं ठेवावं, म्हणजे बेअरिंगभोवतीची ओल निघून जाते.